गुडघ्यांची सरासरी

वामनरावांनी कुणावर आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही.

तलासरीच्या गवताच्या वखारीत मी स्वयंपाकाला होते. तिथे सगळेच ओरडत. मुकादम ओरडे, गाडीवाले बैलांवर ओरडत, शेठ उंबरगावहून आले की गाडीतून उतरायच्या आधीच ओरडायला लागत. गवताच्या गासड्या बांधायचा दाब फिरवणारे वारली तर ओरडल्याशिवाय दाब फिरतच नाही असं मानत. वामनराव तेवढे हळू बोलत. आणि सगळ्यांना अहोजाहो करत. वारल्याला धड नावानं हाक मारायची कुणाला गरज वाटत नसे, त्या काळात हा माणूस म्हणे, "नवशा, तुम्ही जरा इकडे येता का?" नवशा पहिल्यांदा मागे वळून बघायचा, आपल्या पाठीशी कोण साहेब उभा आहे म्हणून.

आम्हाला वाटलं, देवमाणूस आला. त्या 'तुम्ही'ला आम्ही फार लवकर भुललो.

ते डहाणूचे. घरची चिकूची वाडी होती, ती भाऊ बघत. हे मुंबईला जाऊन संख्याशास्त्र शिकले, तिथे कुठल्याशा गिरणीच्या हपिसात राहिले, तिथे कुणाशी तरी बिनसलं आणि शेठनं त्यांना वखारीवर व्यवस्थापक म्हणून आणलं. अंगानं बारीक, कपडे नेहमी पांढरे. पेन्सिलीला टोक काढताना सालपटं खाली पडू देत नसत, मुठीत धरून खिशात टाकत. पाण्याचा पेला आधी उजेडाकडे धरून बघत आणि मगच तोंडाला लावत. तो पेला मी घासलेला असे. बघून काही म्हणत नसत, पण मी चुलीपाशी श्वास धरून उभी असे.

त्यांचं एक वाक्य होतं. "एकावरून काही बोलू नये." मुकादमाची बायको पान लागून, म्हणजे साप चावून, गेली. भगतानं आधी झाडपाला लावला होता, त्यात वेळ गेला. मुकादम कपाळ बडवून म्हणत होता, "त्या भगताचं कधी ऐकू नका रे, कधी ऐकू नका." प्रेत अजून अंगणात होतं. वामनराव शेजारी उकिडवे बसले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाले, "मुकादम, एकावरून काही बोलू नये. भगतानं हात लावलेली किती वाचली, हे आपल्याला कुठं ठाऊक आहे?" मुकादमानं रडणं थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. मला अजून कळत नाही की ते चूक काय बोलले. पण तसं बोलायला माणूस कुठून येतो?

घरीही हेच. त्यांच्या पत्नी शांतावहिनी वखारीमागच्या दोन खोल्यांत राहत. त्यांचं माहेर धाकटी डहाणूला, खाडीपाशी. त्यांना सारखं माहेरी जावंसं वाटे. वामनरावांनी एकदा त्यांना समोर बसवून सांगितलं, "तुम्ही इथे असता तेव्हा सरासरीनं कमी दिवस अंथरुणावर असता. माहेरी जाता तेव्हा जास्त. माहेरची हवा तुम्हाला मानवत नाही. मी जा म्हणणार नाही, जाऊ नका असंही म्हणणार नाही. आकडे समोर आहेत."

वहिनी माझ्याकडे ताक घेऊन आल्या तेव्हा हसत होत्या, पण हसू काही बरं नव्हतं.

"अगं गोदा, अंगात ताप भरला की मी माहेरी जाते. आईनं बघावं म्हणून. आणि हे म्हणतात, माहेरी गेलात म्हणून ताप आला."

"मग तुम्ही सांगा की त्यांना."

"सांगितलं. म्हणाले, असेलही. पण आता तपासायचं कसं? एक वर्ष आजारी पडलात की इथेच राहा, मग बघू."

आणि वहिनी वर्षभर इथेच राहिल्या. का राहिल्या, हे मी विचारलं नाही.

माझ्यावरही एकदा पाळी आली. शेठच्या कानावर कुणीतरी घातलं की गोदा पीठ मारते. शेठ ओरडले असते तर मी रडून मोकळी झाले असते. पण वामनराव आले आणि म्हणाले, "गोदाबाई, आज तुमच्या काही भाकऱ्या लागतील." टोपलीत हात घालून त्यांनी न बघता मधूनमधून भाकऱ्या उचलल्या आणि वखारीच्या तराजूवर एकेक मांडली. मग पाटावर बसून, मी जशी काही शाळेतली पोर आहे असं मला समजावून सांगितलं.

"भाकरी कमीजास्त होणारच. हात आहे, साचा नव्हे. आपण आधी असं धरू की तुम्ही प्रामाणिक आहात. याला गृहीत म्हणतात. आता प्रश्न एवढाच, की प्रामाणिक बाईच्या हातून, नुसत्या हाताच्या चुकीनं, भाकऱ्यांची सरासरी एवढी हलकी येऊ शकते का? सहज येऊ शकत असेल, तर गृहीत राहिलं. शंभरात पाच वेळासुद्धा येणार नसेल, तर गृहीत बाद. हुतूतूसारखंच आहे बघा. एकाला मध्ये उभा करायचा आणि बाकीच्यांनी त्याला पाडायचा प्रयत्न करायचा."

त्यांनी आकडेमोड केली. मी उभी होते. चुलीवर वरण उतू जात होतं, पण हलायचं धैर्य नव्हतं.

"राहिलं," ते म्हणाले.

"म्हणजे मी चोर नाही ना?"

"असं मी कुठं म्हटलं? तुम्ही चोर आहात हे सिद्ध झालं नाही, एवढंच." आणि गार झालेल्या भाकऱ्या टोपलीत नीट रचून निघून गेले.

मी चौथी शिकलेली. पण हे एक शास्त्र मला त्या दिवशी जन्माचं कळलं.

शेठला हुतूतूचा नाद होता. तेव्हा कबड्डी म्हणायला नुकती सुरुवात झाली होती, पण आमच्याकडे सगळे हुतूतूच म्हणत. वखारीचा संघ होता, सगळे दाबावरचे वारली. थंडीत डहाणूला सामने भरत आणि कासा, वेवजी, धाकटी डहाणू, कुठून कुठून संघ येत. खेळणाऱ्याला वखारीतून खुराक मिळे. सकाळी दोन जाड भाकऱ्या, सुकट, एक अंडं. ते तिथे बसून खात नसत. फडक्यात बांधून बाजूला ठेवत. त्यांची बायकापोरं कुंपणापाशी येऊन थांबलेली असत. एका खुराकावर अख्खी झोपडी दुपारपर्यंत तगे.

जो खेळताना पडे, त्याला माझ्या चुलीमागच्या मांडवात आणून ठेवत आणि खुराकाऐवजी पेज देत. हे काही वामनरावांनी काढलेलं नव्हतं. दुखणाइताला पेज, ही आमच्या सगळ्यांच्याच घरची रीत. माझी आईही आम्हाला तेच देई. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं, मलाही नाही.

दुखापत झाली की डहाणूहून डॉक्टर येत. जाडजूड, घामेजलेले, भल्या मनाचे. आले की आधी चुलीपाशी येऊन "ताई, काय शिजतंय?" विचारत. गुडघा पिळवटला की त्यांचं एकच म्हणणं, "तीन आठवडे हलायचं नाही." शेठ ओरडत, "तीन आठवडा? सामना कोण खेलणार, तमारो बाप?"

वामनराव शांतपणे विचारत, "तीन आठवडे कशावरून, डॉक्टर?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तक कुणाच्या गुडघ्यांवरून लिहिलंय? विलायतेतल्या. आमचे गुडघे मोजून बघू."

दोन हंगाम ते मोजत राहिले. कोण कधी पडला आणि पुन्हा रेघेवर कधी उभा राहिला. मग एका रविवारी अंगणात सगळ्यांना बोलावलं. शेठ गासडीवर, डॉक्टर खुर्चीवर, खेळाडू जमिनीवर. मी दाराआड. वामनरावांनी शाळेतून काळा फळा मागून आणला होता.

"डॉक्टर म्हणतात, गुडघा बरा व्हायला सरासरी एकवीस दिवस लागतात. आपण धरू की ते खरं आहे." हे म्हणताना त्यांनी डॉक्टरांकडे बघून मान लववली. "आता आपल्या माणसांची सरासरी बघा. तेरा. डॉक्टर खरे असते तरी एखाद्या वेळी, नुसत्या नशिबानं, ती एकवीसच्या खाली गेली असती. किती खाली जाऊ शकते? ते आकडे किती विखुरलेत त्यावर ठरतं. कुणी चार दिवसांत उठला, कुणी चाळीस, असं असतं तर मी तोंड उघडलं नसतं. पण हे बघा, सगळे बारा-तेरा-चौदाच्या आसपास. विखुरलेले नाहीतच. तेव्हा हे नशिबानं होणं शंभरात एकदासुद्धा शक्य नाही." खडू ठेवला. हात झटकले. "डॉक्टरसाहेब बाद."

सगळे हसले. खेळाडूही हसले, कारण 'बाद' एवढंच त्यांना कळलं होतं. शेठ तर मांडीवर थापा मारत सुटले. डॉक्टरही हसण्याचा प्रयत्न करत होते. त्यांच्या मानेवरून घाम कॉलरमध्ये उतरत होता आणि तो पुसायला ते रुमाल काढत नव्हते.

दुसऱ्या दिवशीपासून नियम झाला. गुडघ्याला तेरा दिवस. त्यापुढेही जो पडून राहील तो ढोंगी. त्याचं नाव खुराकातून कायमचं काढायचं.

नवशा आमचा सगळ्यात चांगला चढाईवाला. उंच नव्हता, पण पाय असे की जमिनीला टेकतात की नाही याची शंका यावी. त्याची बायको सोनी, कडेवर तान्हं, हाताशी एक नागडं पोर. रोज सकाळी कुंपणापाशी पहिली ती. नवशा फडकं देताना तिला चिडवी, "घे, शेठची सून!" ती म्हणे, "शेठच्या सुनेला एकच अंडा? दोन तरी आण."

पुढच्या हंगामात सराव जोरात होता. जमीन वाळून कडक झाली होती आणि बरेच जण पडले. नवशाचा पाय तिघांनी धरला आणि तो उलट्या बाजूला फिरला. आवाज मला चुलीपाशी ऐकू आला. वाळकी फांदी मोडावी तसा.

डॉक्टर आले. गुडघा चाचपताना त्यांचं तोंड उतरलं. बाहेर येऊन मला म्हणाले, "हा तीन आठवड्यांतही उठायचा नाही, ताई. थोडं पाणी द्या." पाणी पिताना त्यांची नजर हंड्याकडे गेली.

"ही पेज कुणाची?"

"मांडवातल्यांची."

"आणि खेळतात त्यांना?"

मी टोपलीकडे बोट दाखवलं. डॉक्टर बराच वेळ एकदा हंड्याकडे, एकदा टोपलीकडे बघत राहिले. मग पेला हातात घेऊनच कचेरीकडे गेले. पेला आणायला म्हणून मी मागोमाग गेले.

"वामनराव, तुम्ही गुडघे मोजलेच नाहीत! भूक मोजलीत! घरी चूल पेटत नाही म्हणून उठतात ते. सगळे एकाच सुमाराला कसे बरे होतात, याचा तुम्हाला संशय आला नाही? गुडघे एवढे शिस्तीचे नसतात हो. पोटं असतात."

मला वाटलं, वामनराव भांडतील. ते भांडले नाहीत. पेन्सिल खाली ठेवून त्यांनी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा चेहरा अगदी उजळला होता. लग्नघरात नवरदेव बघायला मिळावा तसा.

"वा, डॉक्टर. वा! हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. सगळा नमुना नासला."

"मग आता सगळ्यांना जेवण द्या."

"सगळ्यांना? मग तुम्ही बरोबर की मी, ते कळणार कसं?" ते उठून येरझारा घालू लागले. "निम्म्यांना खुराक द्यायचा. निम्म्यांना पेज. कुणाला काय, ते चिठ्ठ्या टाकून. मी निवडायचं नाही, तुम्ही निवडायचं नाही. मग दोन्हींच्या सरासरीत फरक पडतो का बघायचं. गृहीत हे, की जेवणानं फरक पडत नाही. पाडा तुम्ही ते."

"आणि ज्याला पेजेची चिठ्ठी येईल तो?"

"त्याला गेल्या वर्षीही पेजच होती, डॉक्टर. त्याचं नवं नुकसान काय?"

डॉक्टरांनी रिकामा पेला माझ्या हातात दिला.

चिठ्ठ्या माझ्याच डब्यात टाकल्या. वामनराव मांडवात जाऊन प्रत्येकासमोर वाकले. "काढा. तुमच्या हातानं काढा." नवशानं काढली. वाचता येत नव्हतं, म्हणून परत त्यांनाच दिली.

"पेज," वामनराव म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नका. यात कुणाचा हात नाही."

"व्हय साहेब," नवशा म्हणाला.

सोनी कुंपणापाशी येऊन रिकामी परत जाई. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ती कुंपण धरून बसू लागली. कडेवरचं पोर रडायचंसुद्धा थांबलं होतं. माझ्यातलं जे देता येई, तेवढं मी देई. ते कुठे पुरणार?

पण मांडवात दुसरंच चाललं होतं. मी एकाला भाकरी वाढे, एकाला पेज. पाठ फिरली की सगळे एकत्र येत. भाकरी मोडून सगळ्यांच्या पेजेत, अंड्याचे दोऱ्यानं कापून तुकडे. त्यातलंही थोडं बाजूला काढून ज्याच्या घरची माणसं कुंपणाशी असत, त्याच्याकडे जाई. नवशाच्या फडक्यात मी एकदा अर्धी भाकरी पाहिली. रिकामी भांडी सगळी सारखीच चिकट येत. ते लपवतही नव्हते. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही आहे हेच ठाऊक नव्हतं. मला वाटलं, बरं झालं. सगळ्यांचं अर्धं पोट तरी भरतंय.

एकेक जण उठला. कुणी लंगडत, कुणी दात खाऊन. नवशा तेवढा राहिला. वामनराव रोज संध्याकाळी त्याच्यापाशी जाऊन बसत. "कसं आहे?" विचारत. गुडघ्याला हात लावत नसत.

डहाणूचे सामने तोंडावर आले तसा पुन्हा रविवार झाला. शेठ, डॉक्टर, फळा. नवशाला दोघांनी धरून अंगणात आणून बसवलं होतं. सोनीही त्या दिवशी कुंपणाच्या आत आली, तिला कुणी अडवलं नाही. वामनरावांनी दोन सरासऱ्या लिहिल्या. जवळजवळ सारख्या.

"फरक नाही," ते म्हणाले. आवाजात थोडी निराशा होती, मला ती खोटी वाटली नाही. "डॉक्टर, मला खरंच वाटलं होतं की तुम्ही जिंकाल."

डॉक्टर उठून उभे राहिले. "हे शक्यच नाही. भरल्या पोटी आणि उपाशी पोटी माणसं सारखीच कशी..."

तेव्हा नवशा हसला. "उपाशी कोन व्हता साहेब? खुराक आला त आमी समदे वाटून खाव. आमी काय कुतरं हाव, एकानं खावं नि दुसऱ्यानं तोंडाकडं बघावं?"

बाकीचे खेळाडूही हसले. किती साधी गोष्ट साहेबाला कळली नाही, असं ते हसणं.

वामनरावांनी फळ्याकडे पाहिलं, मग नवशाकडे. फडक्यानं त्यांनी दोन्ही आकडे सावकाश पुसले.

"म्हणजे प्रयोग तुम्हीच मोडलात," ते म्हणाले.

डॉक्टरांना हायसं झालं. "म्हणजे तेरा दिवसांचा नियमही गेला."

"तो कसा जाईल?"

"अहो, आत्ताच पुसलंत!"

"हे पुसलं. तेरा पाडायचं तर त्याच्याविरुद्ध पुरावा हवा. पुरावा यांनी खाऊन टाकला. जे पडलं नाही ते राहिलं."

"आणि माझे एकवीस?"

"ते गेल्या वर्षीच बाद झाले, डॉक्टर."

शेठला यातलं काहीच कळलं नव्हतं. ते ओरडले, "बराबर छे! नवशा खेलनार के नहीं, ते बोलो ने!"

वामनराव नवशासमोर वाकले. "तुमचे तेरा दिवस केव्हाच झालेत. मी प्रयोगासाठी थांबलो होतो. आता थांबायला कारण उरलं नाही. खेळलात तर खुराक सुरू. नाही तर नाव काढावं लागेल. मी काय करू, सांगा?"

सोनीनं कडेवरचं पोर या कडेवरून त्या कडेवर घेतलं. नवशानं ते पाहिलं आणि जमिनीवर हात टेकून उठला.

डहाणूच्या सामन्याला मी गेले, कारण संघाचं जेवण बरोबर न्यायचं होतं. धाकटी डहाणूच्या, मासेमारी करणाऱ्या मांगेल्यांच्या पोरांशी गाठ पडली. खांदे वल्ह्यांनी घडवलेले. नवशाचा गुडघा मी चिंधीनं करकचून बांधला होता. पहिल्या दोन चढाया त्यानं कशा केल्या देव जाणे. तिसऱ्या वेळी तो आत गेला, एकाला शिवला, दुसऱ्याला शिवला, आणि परत वळताना पाय त्याच्याखालून निघून गेला. तो पडला तरी त्याचा दम चालू होता. हुतूतूतूतू, बारीक, एकसारखा. मांगेल्यांच्या पोरांनी त्याला धरायला हवा होता. कुणी धरला नाही. पायाकडे बघून ती मागे सरली, एकजण तर तोंड फिरवून उभा राहिला. मैदानभर तो एक दम ऐकू येत होता.

वामनराव रेघेच्या अलीकडे उकिडवे बसले. हळू आवाजात म्हणाले, "नवशा, रेघ जवळ आहे."

नवशा हातांवर सरपटत आला. बोटं रेघेला लागली तेव्हा दम सुटला. दोन गुण झाले. सामना आम्ही जिंकलो. शेठनं पेढे वाटले, माझ्याही हातावर एक ठेवला.

परतताना गाडीत नवशा गवतावर आडवा होता, डोळे उघडे. वामनराव माझ्यासमोर बसले होते. पेन्सिलीला टोक काढत होते. मध्येच म्हणाले, "गोदाबाई, एक अडचण आहे. याला मी बरा झालेला धरला आहे. आता हा पुन्हा पडला. पहिला आकडा खोडायचा का?"

मी नवशाकडे बघत होते.

"नाही," तेच म्हणाले. "ही नवी दुखापत धरायची. हो. नवी धरली की काही बिघडत नाही." आणि सालपटं खिशात टाकली.

नवशाचं नाव खुराकातून निघालं. सोनी तान्ह्याला घेऊन कुंपणापाशी आली नाही, मग कधीच आली नाही. ते पोर त्या उन्हाळ्यात गेलं असं बायका सांगत होत्या. डॉक्टरांनी वखारीत येणं सोडलं.

पुढे गवताचा धंदा बसला, वखार बंद झाली. वामनराव मुंबईला कुठल्या मोठ्या कचेरीत गेले, वहिनी माहेरी. या वेळी आजारी नव्हत्या.

वामनरावांना मी शेवटचं पाहिलं ते कासाच्या बाजारात. चारोटीकडे नवा रस्ता होत होता. मी डहाणूच्या एस.टी.साठी थांबले होते. समोर आंब्याखाली नवशा शिंदीच्या पात्यांचे झाडू विकत बसला होता. पाय पुढे ताठ, लाकडासारखा. एक जीप येऊन थांबली आणि वामनराव उतरले. केस पांढरे झाले होते, कपडे तेच. त्यांनी मला ओळखलं नाही, नवशाला ओळखलं. चेहरा पुन्हा तसाच उजळला.

"नवशा! तुम्ही इथे?" ते त्याच्यासमोर वाकले. "अहो, तुमची आठवण निघते. तुमची दुसरी दुखापत माझ्याकडे अजून उघडीच आहे. शेवटचा आकडा कोरा. जरा चालून दाखवता का?"

मला वाटलं, आता हा थुंकेल. झाडू उचलून मारेल.

नवशानं आंब्याच्या खोडाला पाठ लावली आणि रेटा देत देत उभा राहिला. मग चालला. बाजारातल्या बायका पाट्या बाजूला घेऊन त्याला वाट देत होत्या. ताठ पाय अर्धगोल फिरवत तो पाण्याच्या हौदापर्यंत गेला, वळला, परत आला. येताना वामनरावांकडेच बघत होता, सराव चालू असताना बघायचा तसा, जमलं का म्हणून.

वामनराव मान किंचित कलती करून त्याचा पाय निरखत होते. मग त्यांनी मान हलवली.

"नाही," ते म्हणाले. "अजून नाही धरता येणार. पूर्ण बरे झालात की कळवा."

"व्हय साहेब," नवशा म्हणाला, आणि ते जीपमध्ये बसेपर्यंत उभाच राहिला.